गावात हवामान बदलावर बोलणारी माणसं कशी तयार करायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातल्या गावांत बचत गटाच्या ताया, आशाताई, तरुण शेतकरी आणि शिक्षक यांना हवामान बदलावर आपल्याच माणसांशी बोलता यावं, म्हणून आम्ही काही जणी प्रशिक्षणं घेतो. फोनवर, निरोपांत आणि बैठकीनंतर चपला घालताना तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ते इथं एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे, पुढे अवघड.

१. हे प्रशिक्षण नेमकं कशाचं? हवामान बदल शिकवता की भाषण करायला शिकवता?

दोन्ही थोडं थोडं. सगळ्यात जास्त वेळ मात्र विचारायला आणि ऐकायला शिकण्यात जातो. माझी पहिली बैठक मला लख्ख आठवते. मी वितळणारे हिमनग दाखवले, २०५० सालचे आकडे सांगितले. बायका शांत बसून ऐकत होत्या. शेवटी एक जण म्हणाली, "ताई, २०५० चं ऱ्हाऊ द्या, मंगळवारी गटाचा हप्ता हाय आन् सोयाबीन पिवळं पडलंय, त्याचं बोला." तिचा प्रश्न हवामान बदलाचाच होता, पण मी बोलत होते ते तिच्यासाठी नव्हतं.

गाडगेबाबा कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारायचे आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घ्यायचे. त्याआधी हातातल्या खराट्यानं गाव झाडून झालेलं असायचं. प्रशिक्षणात हेच शिकवतो: आधी गावाचं काम आणि गावाची अडचण माहीत करून घ्या, मग विचारा, आणि आपलं सांगणं सगळ्यात शेवटी ठेवा.

२. मी दहावी नापास आहे. विज्ञान येत नाही. मला बोलता येईल का?

येईल. आमच्याकडे चांगलं बोलणाऱ्यांत शिकलेल्यांपेक्षा गावानं ऐकावं अशी माणसं जास्त आहेत. अडीअडचणीला जिच्या दारात लोक जातात ती बाई, दूध संकलनावर रोज सगळ्यांशी बोलणारा मुलगा, भजनी मंडळातले आजोबा. निवड करताना आम्ही गावात एवढंच विचारतो, "पाऊस लांबला तर पेरायचं की थांबायचं, हे तुम्ही कोणाला विचारता?" तीन-चार नावं पुन्हा पुन्हा येतात. तीच माणसं घ्यायची.

फक्त सरपंचांनी दिलेल्या यादीवर जाऊ नका. तिथं एकाच भावकीची नावं येण्याची शक्यता असते. वस्तीवरची, भूमिहीन मजुरांची आणि ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली माणसं असायलाच हवीत, कारण उन्हाचा आणि पाण्याचा पहिला फटका त्यांनाच बसतो. विज्ञान किती लागतं, ते प्रश्न ४ मध्ये.

३. 'हवामान बदल' म्हणावं, 'वातावरण बदल' म्हणावं की 'जलवायू परिवर्तन'?

'जलवायू परिवर्तन' हिंदीतून आलं आहे, ते सोडून द्या. शासनाच्या विभागाच्या नावात 'वातावरणीय बदल' आहे, पण गावात "वातावरण बदललंय" म्हणजे आभाळ आलंय किंवा घराघरांत सर्दी-खोकला आहे. 'हवामान' या शब्दाची अडचण अशी, की मराठीत उद्याच्या पावसालाही हवामान म्हणतात आणि तीस वर्षांच्या सरासरीलाही हवामानच. म्हणून आम्ही 'हवामान बदल' हा शब्द वापरतो, पण बैठकीची सुरुवात त्यानं करत नाही. "तुमच्या लग्नाच्या वेळचा पाऊस आणि आत्ताचा पाऊस, काय फरक पडला?" इथून सुरू करायचं. अर्ध्या तासानं सांगायचं, की तुम्ही जे सांगितलंत त्याला हे नाव आहे.

एक शब्दप्रयोग मात्र टाळा: 'निसर्गाचा लहरीपणा'. बातम्यांत तो रोज येतो. तो ऐकला की कारण शोधायची गरजच उरत नाही, कोणाची जबाबदारीही उरत नाही. पाऊस बेभरवशाचा झाला, एवढं खरं. का झाला, हे सांगायलाच तर आपण बसलो आहोत.

४. किमान किती विज्ञान यायला हवं?

चार गोष्टी, स्वतःच्या शब्दांत सांगता येतील इतक्या.

पहिली: कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळलं की कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि शेकडो वर्षं साचून राहतो. कारखाने सुरू होण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत तो २८० भाग होता, आता ४२० च्या वर गेला आहे. हा वायू पृथ्वीवर वाकळीसारखा काम करतो. आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही. ज्यांनी पॉलिहाऊस पाहिलंय त्यांना तेवढ्यात कळतं.

दुसरी: त्यामुळं जग तापलं. २०२४ हे मोजणी सुरू झाल्यापासूनचं सगळ्यात उष्ण वर्ष ठरलं, कारखान्यांच्या युगाआधीपेक्षा सुमारे दीड अंशानं जास्त. भारताचं सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशानं वाढलं.

तिसरी गोष्ट समजावणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण "दीड अंशानं काय होतंय?" हे हमखास विचारलं जातं. हवा एका अंशानं तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. आम्ही म्हणतो, हवेची घागर मोठी झाली. मोठी घागर भरायला वेळ लागतो, म्हणून पावसाचे खंड लांबतात. आणि भरलेली घागर उपडी झाली की एकदम ओतते. खंड आणि अतिवृष्टी एकाच हंगामात कशी, हा गुंता या घागरीनं बराचसा सुटतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भूभागावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. त्यांच्या अभ्यासातला मध्य भारताचा पट्टा महाराष्ट्रालाही धरून आहे.

चौथी: ओझोनचं छिद्र हे वेगळं प्रकरण. शाळेत दोन्ही धडे शेजारी असल्यानं घोळ होतो. ओझोनवर १९८७ च्या माँट्रियल करारानंतर जगानं उपाय केला आणि तो थर हळूहळू भरून येतो आहे. जग एकत्र आलं तर काय होतं, हे सांगायला हे उदाहरण चांगलं आहे.

५. किती दिवस, किती माणसं, कोणत्या महिन्यात?

पंधरा ते अठरा माणसं. चार अर्धे दिवस, दोन सत्रांमध्ये आठवड्याचं अंतर. सलग दोन दिवसांचं शिबिर आयोजकांना सोयीचं पडतं, पण मधल्या आठवड्यात गावात जाऊन जे बोलून बघायचं असतं ते राहून जातं. आम्ही गृहपाठ देतो: साठीच्या पुढच्या तीन माणसांना पावसाबद्दल विचारून या, आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून आणा.

पेरणी आणि काढणी टाळा. ऊसतोड मजूर दिवाळीच्या आसपास गाव सोडतात आणि थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परततात, म्हणून त्यांच्यासाठी वेगळं सत्र मे महिन्यात, सकाळी आठ ते अकरा. आणि मजुरी बुडवून येणाऱ्यांना तेवढी मजुरी द्या. चहा-नाश्त्यावर खर्च होतो आणि मजुरीला पैसे नाहीत म्हणतात, हे मला पटत नाही.

६. पहिल्या सत्रात काय करून घेता?

रांगोळीची रेघ. समाजमंदिराच्या फरशीवर लांब पट्टा काढतो, त्यात रोहिणीपासून स्वातीपर्यंत बारा घरं. वरच्या बाजूला 'तेव्हा', खालच्या बाजूला 'गेली पाच वर्षं'. 'तेव्हा'साठी ज्वारी, 'आत्ता'साठी सोयाबीन. ज्या नक्षत्रात जेवढा पाऊस, तेवढे दाणे टाकायचे. बोलायचं कमी, टाकायचं जास्त.

एका गावात सत्तरीच्या आजी पुढं आल्या. वरच्या ओळीत त्यांनी भराभर दाणे टाकले. मृगाला थोडे, तरण्याला आणि म्हाताऱ्याला, म्हणजे पुनर्वसू-पुष्याला, ओंजळभर. खालच्या ओळीत हात आश्लेषा-मघांवर थांबला. "हितं काय टाकू? कवा काईच नसतंय." मग उत्तरा आणि हस्ताच्या घरात त्यांनी उरलेली सगळी मूठ ओतली. दाणे रेघेबाहेर घरंगळले. "आन् ह्यो असा येतुय. शेंगा वाळल्याव. उभ्या झाडावर कोंब फुटत्यात." शेजारच्या बायका माना डोलवत होत्या. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात आणि सोलापुरात झालेलं नुकसान अजून ताजं आहे, त्यामुळं कोणालाही आणखी सांगायची गरज पडली नाही.

यानंतर आम्ही एक गोष्ट आवर्जून करतो. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाचे, जमलं तर महावेध या राज्याच्या प्रकल्पातल्या स्वयंचलित हवामान केंद्राचे आकडे आणून त्याच रेघेशेजारी ठेवतो. आठवण आणि आकडे बऱ्याच ठिकाणी जुळतात, काही ठिकाणी जुळत नाहीत. जिथं जुळत नाहीत तिथं आजींना खोटं पाडायचं नाही आणि आकडेही लपवायचे नाहीत. जुना चांगला पाऊस आठवणीत थोडा मोठा होतो, हे सगळे मोकळेपणानं मान्य करतात.

७. बैठकीत बायका बोलतच नाहीत. काय करावं?

पुरुषांच्या पुढ्यात, ग्रामपंचायतीच्या खुर्च्यांवर, संध्याकाळी भाकरीच्या वेळेला बैठक ठेवली तर कोण बोलेल? वेळ दुपारची, जागा ओट्याची किंवा मंदिराच्या ओवरीची, आणि पहिली बैठक फक्त बायकांची. प्रश्नही बदला. "हवामानाबद्दल काय वाटतं?" याला उत्तर येत नाही. "पाण्याला दिवसाकाठी किती वेळ जातो? उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात रात्री झोप लागते का?" याला येतं. दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीत एकत्र बसायचं, तेव्हा बायकांनी काढलेली रेघ पुरुषांसमोर बायकांनीच समजावून सांगायची.

८. "दुष्काळ काय नवीन आहे? बहात्तरला तर किती मोठा पडला होता!" यावर काय बोलायचं?

"खरं आहे" असं म्हणायचं, आणि मनापासून म्हणायचं. मराठवाड्याचा बराच भाग पर्जन्यछायेत येतो, दुष्काळ इथं पिढ्यान् पिढ्या आहेत. मग बहात्तर पाहिलेल्यांनाच बोलू द्या. ते हमखास सांगतात, "तवा खायाला नव्हतं, पर हिरीला पाणी होतं. आता दुकानात धान्य हाय, पाणी न्हाई." या एका वाक्यात पुढच्या चर्चेचं सगळं सामान आहे. आपण जोडायचं ते इतकंच: दुष्काळ पूर्वीही पडायचा, पण आता तो जास्त तापलेल्या हवेत पडतो, जमिनीतली ओल लवकर उडते, आणि खंड व अतिवृष्टी एकाच हंगामात येतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ऐन रब्बीवर झालेली गारपीट आठवायला सांगा.

बहात्तरमधून आणखी एक घेण्यासारखं आहे. त्या संकटातून रोजगार हमी योजना उभी राहिली. लोकांनी मागणी केली आणि राज्याला कायदा करावा लागला.

९. मग पाणीटंचाई, पूर, रोगराई, सगळं हवामान बदलामुळंच म्हणायचं का?

नाही. आणि हा मोह आवरायला शिकवणं आम्ही फार महत्त्वाचं मानतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याआधी सलग दोन वर्षं पाऊस कमी झाला होता, मांजरा धरण आटलं होतं, हे खरंच. पण त्याच खोऱ्यात उसाचं क्षेत्र किती होतं, बोअर किती खोल गेले होते, शहराच्या पाण्याचं नियोजन काय होतं, हे प्रश्न तितकेच खरे आहेत. सगळं आभाळावर ढकललं की कोणालाच जाब विचारता येत नाही. ओढ्यावर अतिक्रमण करून बांधकाम झालं आणि मग पाणी घरात शिरलं, तर दोन्ही कारणं सांगा. हवामान बदलानं धोका वाढवला आणि माणसांच्या निर्णयांनी त्याची वाट मोकळी केली, असं आम्ही मांडतो. उसाचं अवघड प्रकरण प्रश्न १५ मध्ये.

१०. "हवामान खात्याला उद्याचं सांगता येत नाही, तुम्ही वीस वर्षांनंतरचं काय सांगता?"

दूध डेअरीचं उदाहरण द्या. एका म्हशीचं उद्या सकाळचं दूध किती भरेल, हे कोणी छातीठोक सांगत नाही. पण उन्हाळ्यात गावाचं संकलन घटणार, हे डेअरीवाला न चुकता सांगतो. उद्याचा अंदाज ही एका म्हशीची गोष्ट, हवामान बदल ही गावच्या संकलनाची.

शिवाय अंदाज पूर्वीपेक्षा सुधारले आहेत, हेही सांगा आणि वापरायला शिकवा. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हातातलं काम सोडून सुरक्षिततेची कृती करा. वीज पडण्याच्या इशाऱ्यासाठी 'दामिनी' आणि शेतीच्या सल्ल्यासाठी 'मेघदूत' ही मोबाईल ॲप आम्ही सत्रातच प्रत्येकाच्या फोनवर उतरवून घेतो. फोन नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात असतो, म्हणून वस्तीवर इशारा कोण ओरडून सांगणार, तेही तिथंच ठरवतो.

११. आमच्याकडे लोक पंचांग, नक्षत्राचं वाहन, भेंडवळची घटमांडणी मानतात. त्यांना खोडायचं का?

खोडायला जाऊ नका. नक्षत्रं ही शेतकऱ्याची दिनदर्शिका आहे. आम्ही स्वतःच प्रश्न ६ मधली रेघ नक्षत्रांवर काढतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या सुमारास घटमांडणी होते, तिच्यावरून पाऊस-पिकाचं भाकीत सांगतात आणि हजारो लोक ते ऐकायला जातात. त्यावर वाद घातला तर माणसं जातात, मत काही बदलत नाही. आपण वेगळ्या जागी ठाम राहायचं: पेरणीच्या निर्णयावर. कृषी विभाग सांगतो, की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आल्याशिवाय पेरू नका. मृगाचं वाहन कुठलंही असो, बियाणं मातीत घालण्याआधी पाऊस मोजा. दुबार पेरणीचा खर्च ज्यानं सोसला आहे, त्याला हे पटतं.

२०२५ चं उदाहरण सांगा. मुंबईत मोसमी पाऊस नेहमी ११ जूनच्या आसपास पोचतो, त्या वर्षी तो २६ मे रोजीच पोचला. लवकर आला म्हणून घाईनं पेरायचं का, हा प्रश्न त्या वर्षी घरोघर होता.

"ही देवाची करणी आहे" असं कोणी म्हणालं, तरीही हेच. देवाबद्दल बोलायला आपण आलेलो नाही.

१२. "अमेरिकेनं धूर सोडला, आम्ही का भोगायचं?"

हा प्रश्न न्यायाचा आहे आणि विचारणारा बरोबर आहे. तसं स्पष्ट सांगा. भारतात माणशी वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडला जातो. अमेरिकेत तो सुमारे चौदा टन आहे, म्हणजे सातपट. आजवर साचलेल्या वायूतही सर्वांत मोठा वाटा अमेरिकेचाच. एकूण उत्सर्जनात भारत तिसरा आहे, हेही लपवू नका, पण लोकसंख्या सांगितल्याशिवाय तो आकडा सांगू नका.

यातून प्रशिक्षणात एक नियम निघतो: ज्या घरात एकच दिवा आणि एक पंखा आहे त्या घराला वीज वाचवायचं व्याख्यान द्यायचं नाही. त्यांच्याशी बोलायचं ते ऊन, पाणी, पीक आणि नुकसानभरपाईबद्दल. मोठ्या देशांकडून, मोठ्या कारखान्यांकडून जे मागायचं ते मागूच. तोवर पुढच्या मेमधलं ऊन थांबणार नाही, त्याची तयारी आपल्यालाच करावी लागेल.

१३. व्हॉट्सॲपवर काहीही फिरतं. त्याला कसं तोंड द्यायचं?

दरवर्षी एक निरोप येतो: पृथ्वी सूर्यापासून लांब जाणार, म्हणून कडाक्याची थंडी पडेल, आजार वाढतील. पृथ्वी जुलैच्या सुरुवातीला सूर्यापासून सर्वांत लांब, सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर असते आणि जानेवारीत सर्वांत जवळ, सुमारे १४.७ कोटींवर. दरवर्षी. म्हणजे जवळ असते तेव्हाच आपल्याकडे थंडी असते! एवढं सांगितलं की बहुतेक जण स्वतःच हसतात. पाठवणाऱ्याला गटात सगळ्यांदेखत खोटं पाडू नका. त्याला फोन करा, आणि दुरुस्ती त्यालाच टाकू द्या.

'ढगफुटी' हा शब्दही जपून वापरायला शिकवा. हवामान खात्याच्या लेखी ती म्हणजे लहानशा भागात तासाभरात सुमारे १०० मिलिमीटर पाऊस. आपल्याकडच्या बहुतेक घटना अतिवृष्टीच्या असतात. भरपाईच्या पंचनाम्यासाठी मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस हा निकष लागतो, त्यामुळं आकडा माहीत असणं पैशाच्या दृष्टीनंही महत्त्वाचं.

१४. बोलून झालं. लोक विचारतात, "आता आम्ही करायचं काय?" झाडं लावा म्हणून सांगावं का?

झाडं लावा, जरूर लावा. पण फक्त तेवढंच सांगून बैठक संपवू नका. पावसाळ्यात खड्डे, फोटो, आणि मेमध्ये वाळलेली रोपं, हे लोकांनी खूप पाहिलंय. प्रत्येक बैठकीतून एकच निर्णय निघावा, आणि तो पुढच्या महिनाभरात होण्यासारखा असावा.

उन्हाचं घ्या. शेतातलं आणि रोजगार हमीचं काम दुपारी बारा ते चार बंद ठेवायचं, पत्र्याला वरून चुन्याचा हात द्यायचा, कोणाच्या घरी एकटं म्हातारं माणूस आहे त्यांची यादी आशाताईकडे द्यायची. माणूस बरळायला लागला, अंग भाजल्यासारखं गरम लागलं, तर सावलीत आणून अंगावर ओले फडके, वारा, आणि लगेच १०८. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. हे सगळं आम्ही सत्रात प्रत्यक्ष करून बघतो.

पाण्यासाठी हिवरे बाजारचा पाण्याचा ताळेबंद सांगा: पाऊस किती पडला ते मोजायचं आणि त्यावरून कुठलं पीक घ्यायचं ते ठरवायचं. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे चार हजार लिटर पाणी. फळ्यावर हा गुणाकार लोकांनाच करू द्या.

बायकांच्या बैठकीत स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या धाराशिव-लातूरकडच्या एक एकर शेतीची गोष्ट चालते. घरच्यांकडून अर्धा-एक एकर मागून घ्यायचा आणि त्यात कमी पाण्यावर भाजी, डाळी, ज्वारी अशी घरात लागणारी मिश्र पिकं. २०१७ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. बक्षिसापेक्षा बायकांना त्यातलं "नवऱ्याकडून एकर कसा मागितला" हे ऐकायचं असतं. तिथं वेळ द्या.

१५. आमचं गाव उसाचं. पाण्याचा विषय काढला की भांडण होतं. माझ्या घरीही ऊसच आहे.

तुमच्या घरी ऊस आहे, हे पहिल्या वाक्यात सांगा. लपवलंत तर पुढचं कोणी ऐकणार नाही. "ऊस लावू नका" असं म्हणायचं नाही. ज्या पिकाला ठरलेला भाव, कारखान्याची उचल आणि खात्रीचा गिऱ्हाईक आहे, ते शेतकरी का सोडेल? त्याऐवजी विचारायचं: "गेल्या दहा वर्षांत बोअर किती फूट खाली गेला? किती कोरडे गेले? त्यावर किती पैसे घातले?" घरटी आकडा लिहून काढला की चर्चा आपोआप ठिबक, क्षेत्र थोडं कमी करणं, तूर-हरभऱ्याला भाव मिळणं इकडे वळते. भाव मिळण्याची मागणी सरकारकडे जाते, आणि ती जायलाच हवी.

मात्र ऊसतोड मजूर त्याच बैठकीत बसले असतील तर हा विषय त्यांच्यासमोर घाईनं काढू नका. त्यांची रोजीरोटी त्यावर आहे. आधी त्यांच्याशी वेगळं बोला.

१६. बैठकीत कोणी रडलं किंवा "जगून काय करायचं" असं म्हणालं तर?

बैठक थांबवा. विषय बाजूला. त्या माणसाजवळ बसा, शांतपणे ऐका, एकटं सोडू नका. "असं बोलू नये" असं म्हणू नका. थेट विचारा, "जीव द्यायचा विचार मनात येतो का?" विचारल्यानं तो विचार वाढत नाही. सरकारची टेली-मानस मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते. क्रमांक नुसता देऊ नका, स्वतः लावून द्या आणि घरच्या विश्वासाच्या माणसाला बोलावून घ्या. घरात कीटकनाशकं असतील तर ती दुसरीकडे हलवायला सांगा. दुसऱ्या दिवशी पुन्हा भेटायला जा. आमच्या भागात शेतकऱ्यांच्या घरांनी काय सोसलंय ते सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून हे सत्र वगळून आम्ही कोणालाही बोलायला पाठवत नाही. भीती घालणारी चित्रं, "सगळं संपलं" अशी भाषा आम्ही याच कारणासाठी वापरत नाही.

१७. ग्रामसभेत बोलायचं धाडस होत नाही. पुढारी राजकारण म्हणतात.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवसांच्या ग्रामसभा ठरलेल्या असतात. एकटीनं उभं राहू नका, दहा जणींनी एकत्र बसा. मागणी एकच, लेखी, आणि गावच्या विकास आराखड्यात बसणारी: शाळेवर पाणी साठवायची टाकी, पाझर तलावातला गाळ, किंवा दुपारी थांबायला सावली. कोणत्याही पक्षाचं नाव घेऊ नका, पण प्रश्न विचारायला कचरू नका. राज्याच्या 'माझी वसुंधरा' या पर्यावरण अभियानात पंचायतीला गुण मिळतात, हे सरपंचांना आठवून दिलं की पुष्कळदा दार उघडतं.

१८. आम्ही कोकणातले किंवा शहरातले. हेच चालेल का?

पद्धत चालेल, उदाहरणं बदला. कोकणात बोलणं आंब्याच्या मोहोरापासून आणि ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आडव्या झालेल्या नारळी-पोफळीपासून सुरू होतं. डोंगराखालच्या वाड्यांत २२ जुलै २०२१ ला तळीये गावावर दरड कोसळल्यापासून दरडीची लक्षणं शिकवणं सगळ्यात आधी: जमिनीला भेगा, तिरकी झालेली झाडं, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ. मुंबईत २६ जुलै २००५ चे २४ तासांतले ९४४ मिलिमीटर प्रत्येकाला आठवतात. तिथं गल्लीचा नाला आणि वॉर्ड ऑफिस हेच विषय.

१९. बोलताना चूक झाली किंवा उत्तरच आलं नाही तर?

"मला माहीत नाही, विचारून सांगते" हे वाक्य आम्ही सत्रात मोठ्यानं म्हणायला लावतो, प्रत्येकाला. मग प्रश्न वहीत लिहायचा आणि पुढच्या बैठकीत उत्तर सगळ्यात आधी द्यायचं. चुकीचा आकडा सांगितला गेला असेल तर ज्यांच्यासमोर सांगितला त्यांच्यासमोरच दुरुस्त करायचा.

२०. प्रशिक्षणाला एखादी कंपनी पैसे देते म्हणाली तर घ्यावे का?

ज्या कंपनीच्या धुराबद्दल किंवा पाणी उपशाबद्दल गावात तक्रार आहे तिचे घेऊ नका. बाकीच्यांबाबत अट एकच: कोण बोलेल आणि काय बोलेल हे गाव ठरवेल, मंचावर बॅनर नसेल. अट मान्य नसेल तर चहा वर्गणीतून करा.

२१. परिणाम झाला हे कसं ओळखायचं? आणि सहा महिन्यांनी सगळे गप्प झाले तर?

हजेरीचा आकडा मोजू नका. महिन्याभरानं जाऊन तीन गोष्टी विचारा: तुम्ही कोणाशी बोललात, त्यांनी काय विचारलं, आणि घरात किंवा गावात काय बदललं. तिसऱ्याचं उत्तर "काही नाही" आलं तरी दुसऱ्याचं उत्तर नीट लिहून घ्या. पुढच्या सत्राचे प्रश्न तिथूनच येतात, आणि या पानावरचेही तसेच आले.

गप्प होण्यावर आमचा उपाय साधा आहे. दूध संकलनाच्या भिंतीवर एक फळा आणि उघड्यावर एक पर्जन्यमापक. तो नसेल तर सरळ भिंतींची काचेची बरणी आणि पट्टी. हवामान खात्याची पावसाची नोंद सकाळी साडेआठला होते, तीच वेळ धरायची. प्रशिक्षण घेतलेल्यांनी पाळीपाळीनं रोज आकडा लिहायचा: आजचा पाऊस, मृगापासूनचा एकूण, आणि गेल्या वर्षी याच तारखेचा. दूध घालायला आलेला माणूस फळ्यासमोर थांबतोच. एका गावात पहिल्या महिन्यात लोक फक्त वाचून जायचे, दुसऱ्या महिन्यात एका आजोबांनी खडू मागून घेतला आणि खाली लिहिलं, "आमच्या मळ्यात यापेक्षा कमी." आता तिथं तीन बरण्या आहेत.